शून्याने भागायचे नाही, हे कोणी ठरवले?

आपल्या शाळांतल्या गणिताच्या तासाला काही वाक्ये पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येत आली आहेत. ऋण गुणिले ऋण म्हणजे धन. अपूर्णांकाने भागायचे असेल तर तो उलटा करून गुणायचे. समीकरणातले पद दुसऱ्या बाजूला नेले की चिन्ह बदलते. कोणत्याही संख्येला शून्याने भागायचे नाही. ही सगळी वाक्ये बरोबरच आहेत. पण एखाद्या मुलीने ‘का?’ असे विचारले, तर बहुतेक वर्गांत मिळणारे उत्तर ठरलेले असते: तसा नियम आहे, परीक्षेत तसेच लिहायचे. असे उत्तर देणारा शिक्षक आळशी किंवा अडाणी असतो असे नव्हे. कारण सांगायला वेळ नसतो, आणि सांगितलेच तरी त्यावर परीक्षेत प्रश्न येत नाही. गणिताचा अभ्यासक्रम नव्याने बांधायला समित्या बसतात, तेव्हा कोणता घटक कोणत्या इयत्तेत घ्यायचा, किती तासिका द्यायच्या, भारतीय गणितज्ञांना किती पाने द्यायची, यावर भरपूर खल होतो. या सगळ्याच्या आधी सुटायला हवा असा एक प्रश्न मात्र तसाच राहून जातो, आणि तो गणिताचा नसून तत्त्वज्ञानाचा आहे. शाळेतल्या मुलाने एखादे विधान खरे का मानायचे? मोठ्यांनी सांगितले म्हणून, की ते तसेच असणार हे स्वतःच्या बुद्धीला पटले म्हणून? माझे म्हणणे असे की, गणिताच्या अभ्यासक्रमाचा बरेवाईटपणा या एका प्रश्नावर ठरतो. आणि आपल्याच परंपरेतल्या थोर गणितींनी त्याचे दिलेले उत्तर आपण परंपरेचेच नाव घेऊन विसरत चाललो आहोत.

न्यायदर्शनाने ज्ञानाची चार साधने मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्तवचन, विश्वास ठेवावा अशा माणसाचे सांगणे. शाळेत मिळणारे बहुतेक ज्ञान शब्दप्रमाणावरच उभे असते आणि त्यात काही गैर नाही. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक १६७४ मध्ये रायगडावर झाला, हे मुलाने पुस्तकाच्या भरवशावरच मानायचे. अस्सल कागद तपासायला ते जाणार नसते. विज्ञानात प्रयोगाच्या रूपाने थोडे प्रत्यक्ष येते. गणिताची जात मात्र निराळी आहे. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश असते, हे पडताळायला मुलांना कोनमापक दिला, तर कोणाची बेरीज १७९ येते, कोणाची १८२. मग उत्तर ठाऊक असलेली मुले खोडरबर घेऊन आकडे जुळवतात. प्रत्यक्ष इथे पुरे पडत नाही. पुष्कळ उदाहरणांवरून काढलेला निष्कर्षही पुरत नाही. ऑयलरच्या नावाने प्रसिद्ध असलेले एक उदाहरण पाहा. १ पासून एकेक संख्या घ्या, तिच्या वर्गातून तीच संख्या वजा करा आणि ४१ मिळवा. ४१, ४३, ४७, ५३, ६१ अशी उत्तरे येत जातात आणि प्रत्येक उत्तर मूळ संख्या असते. ओळीने चाळीस वेळा हे असेच घडते. एक्केचाळिसाव्या वेळी १६८१ येते आणि ते ४१ गुणिले ४१ निघते. चाळीस साक्षीदार एकमुखाने सांगत होते, तरी विधान खोटे होते. गणितात खात्री देते ते प्रत्येक पायरी आधीच्या पायरीतून अटळपणे निघणारे अनुमान. त्याला आपल्या जुन्या गणितींनी उपपत्ती म्हटले, शाळेत आपण सिद्धता म्हणतो. यातून एक विलक्षण गोष्ट निघते: तिसरीतली मुलगी बरोबर असेल आणि गुरुजी चुकले असतील, तर गणितात मुलीचेच खरे ठरते. शाळेतल्या दुसऱ्या कोणत्याही विषयात इतका निर्विवाद निकाल लागत नाही.

शून्याने भागण्याचा प्रश्न या दृष्टीने फार बोलका आहे. शून्यासह गणिती क्रिया कशा करायच्या याचे नियम ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये ब्राह्मस्फुटसिद्धान्तात दिले. त्यातले बहुतेक आपण आजही जसेच्या तसे शिकवतो. पण शून्याला शून्याने भागले तर शून्य येते, असेही त्याने लिहिले. त्यानंतर सुमारे सव्वादोनशे वर्षांनी, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, जैन गणिती महावीराचार्याने गणितसारसंग्रहात सांगितले की शून्याने भागल्यास संख्या आहे तशीच राहते. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी बीजगणितात तिसरेच मत मांडले: अशा भागाकारातून जो राशी मिळतो तो अनंत, त्याला त्यांनी खहर म्हटले. त्यात कितीही मिळवा, त्यातून कितीही काढा, तो बदलत नाही. सृष्टीच्या उत्पत्तीच्या वेळी अगणित जीव बाहेर पडले किंवा प्रलयात आत सामावले तरी अच्युतात काही फरक पडत नाही, तसे. तिघेही आपल्या परंपरेचे आचार्य, तिघांचाही अधिकार मोठा, आणि उत्तरे तीन. शब्दप्रमाणानेच निकाल लावायचा, तर कोणाचा शब्द मानायचा? अधिक प्राचीन म्हणून ब्रह्मगुप्ताचा, की अधिक प्रसिद्ध म्हणून भास्कराचार्यांचा?

निकाल लागतो तो पाचवीतल्या मुलालाही कळेल अशा विचाराने. बाराला चारने भागले तर तीन, याचा अर्थ काय? चारला ज्या संख्येने गुणले असता बारा येतात ती संख्या तीन. आता बाराला शून्याने भागायचे म्हणजे शून्याला ज्या संख्येने गुणले असता बारा येतील अशी संख्या शोधायची. शून्याला कशानेही गुणा, शून्यच येते. म्हणजे अशी संख्या नाही. आणि शून्याला शून्याने भागायचे असेल, तर शून्याला कशाने गुणले असता शून्य येते, हे शोधायचे. पाच चालतात, सतरा चालतात, हजारही चालतात. म्हणजे उत्तर एक ठरत नाही. पहिल्या ठिकाणी उत्तर मिळतच नाही, दुसऱ्या ठिकाणी हवे ते मिळते, म्हणून या क्रियेला अर्थ देता येत नाही. हे कळायला फार तर दहा मिनिटे लागतात. ती दहा मिनिटे खर्च झाली, तर ‘भागायचे नाही’ हा हुकूम राहत नाही. आपणच काढलेला निष्कर्ष होतो. वर आणखी एक लाभ होतो. ब्रह्मगुप्त आणि महावीराचार्य कुठे अडखळले आणि भास्कराचार्यांना अनंताकडे का वळावेसे वाटले, हेही मुलांना समजते. भास्कराचार्यांची अच्युताची उपमा सुंदर आहे आणि ती ज्या भक्तिभावातून आली त्याचा आदर करावा. पण उपमा सुंदर आहे म्हणून भागाकार सिद्ध होत नाही, हे त्याच वर्गात त्याच आदराने सांगता आले पाहिजे.

यावर कोणी म्हणेल की हा सिद्धतेचा आग्रह मूळचा ग्रीकांचा, युक्लिडचा. भारतीय पद्धत सूत्रे पाठ करण्याची होती. हा समज जितका पसरलेला आहे तितकाच अर्धवट आहे. १२०७ च्या सुमाराचा एक शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ उभारला आणि त्याला दाने मिळाली, अशी त्यात नोंद आहे. गणिताच्या अभ्यासक्रमाला धर्मसंस्थेने आश्रय दिल्याचे महाराष्ट्राच्या मातीतले हे ठळक उदाहरण. पण त्या मठात ज्यांचे ग्रंथ वाचले जायचे, ते आचार्य स्वतः सिद्धान्तशिरोमणीत बजावून सांगतात की उपपत्ती न जाणणाऱ्या गणितीला जाणकारांच्या सभेत मान मिळत नाही आणि त्याच्या स्वतःच्या मनातलाही संशय फिटत नाही. त्यांची लीलावती पद्यात आहे, पाठ करण्याजोगी आहे; परंतु कोकणातल्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी १५४५ मध्ये तिच्यावर बुद्धिविलासिनी ही टीका लिहिली ती मुख्यतः उपपत्ती देण्यासाठी. त्याच शतकात केरळात ज्येष्ठदेवाने युक्तिभाषा लिहिली आणि अनंत श्रेढींच्या उपपत्ती संस्कृतात न देता मल्याळममध्ये, लोकांच्या भाषेत दिल्या. सूत्र पाठ असायचे आणि कारण गुरू समजावून द्यायचा, अशी ती जोडी होती. आपण त्यातले अर्धे उचलले आणि त्यालाच परंपरा म्हणू लागलो. शब्दावर न विसंबण्याची ही वृत्ती गणितापुरतीच होती असेही नाही. अमृतानुभवात ज्ञान हेही बंधनच कसे, हे सांगताना ज्ञानेश्वर शिवसूत्रांचा आणि गीतेचा आधार घेतात, पण लगेच स्पष्ट करतात की शिवाने किंवा श्रीकृष्णाने म्हटले एवढ्यासाठी आपण हे मानत नाही. ते बोलले नसते तरी हे असेच असते. श्रद्धेच्या प्रांतातला एवढा मोठा माणूस ही भूमिका घेतो, तर पाचवीच्या गणिताच्या पुस्तकाने त्यापेक्षा अधिक आज्ञाधारकपणा का मागावा?

याच्या अगदी उलट टोकाला ‘वैदिक गणित’ आहे. पुरीच्या गोवर्धन मठाचे शंकराचार्य भारती कृष्ण तीर्थ यांचे पुस्तक त्यांच्या निधनानंतर, १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातली सोळा सूत्रे अथर्ववेदाच्या परिशिष्टातली असल्याचा दावा होता. परिशिष्टाच्या उपलब्ध पाठांत ती सापडत नाहीत, हे त्या ग्रंथाचे संपादक वासुदेवशरण अग्रवाल यांनी प्रस्तावनेतच मान्य केले आहे. तरीही १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला उत्तर प्रदेशाच्या शालेय पुस्तकांत हे गणित आले, आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले गणितज्ञ श्रीकृष्ण दाणी यांनी त्यावर सविस्तर टीका केली. सूत्रे वेदातली आहेत की नाहीत, हा वाद महत्त्वाचा आहे, पण माझ्या मते तो दुय्यम. समजा, उद्या एखाद्या पोथीत ती सोळाही सूत्रे सापडली. त्यामुळे त्यातला एखादा गुणाकार अधिक बरोबर ठरेल काय? ३५ चा वर्ग झटपट काढण्याची त्यातली युक्ती सर्वांना माहीत आहे: तीनला त्याच्या पुढच्या चारने गुणा, बारा, पुढे पंचवीस लिहा, १२२५. ही युक्ती वर्गात जरूर दाखवावी. पण मग ३५ बाय ३५ चा एक चौरस कागद घ्यावा. त्यातून ३० बाय ३० चा चौरस काढला की ५ रुंदीच्या आणि ३० लांबीच्या दोन पट्ट्या आणि कोपऱ्यात ५ बाय ५ चा एक तुकडा उरतो. दोन पट्ट्या शेजारी ठेवल्या की १० रुंदीची एक पट्टी होते. ती मोठ्या चौरसाला जोडली की ३० बाय ४० चा आयत तयार होतो. त्याचे बाराशे, कोपऱ्यातले पंचवीस. आता मुलाला हेही दिसते की ही युक्ती ४५ ला, ७५ ला, शेवटी पाच असलेल्या कोणत्याही संख्येला का लागू पडते आणि ३७ ला का पडत नाही. पहिल्या अर्ध्या मिनिटात शिकलेली ती करामत होती, पुढच्या पाच मिनिटांत ती गणित झाली. तिला गणित बनवले ते कागदाने आणि कारणाने. सूत्राच्या प्राचीनतेचा त्यात काही वाटा नाही.

इथे पहिला गंभीर आक्षेप येतो. मुलांना आपल्या संस्कृतीचा अभिमान वाटायला नको का? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने भारतीय ज्ञानपरंपरा शाळेत आणायला सांगितले आहे, त्याचे काय? वसाहतकाळात आपल्याला जे हिणवले गेले, ते कधी तरी पुसायचे की नाही? या आक्षेपात तथ्य आहे. पुस्तकात पायथागोरस असावा आणि बौधायन नसावा, हे अन्यायाचे होते. यज्ञवेदीची मापे काढताना बौधायनासारख्या शुल्बसूत्रकारांनी दोनच्या वर्गमुळाची जी किंमत दिली, ती दशांशचिन्हानंतर पाच स्थळांपर्यंत अचूक आहे. हे प्रत्येक मुलाला कळलेच पाहिजे. गणिताचा उगम धर्माच्या अंगणात झाला, हे लपवण्याचे कारण नाही. पण उगम आणि प्रामाण्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. श्रीनिवास रामानुजन यांची नामक्कलच्या नामगिरी देवीवर अढळ श्रद्धा होती आणि आपली सूत्रे तिच्या कृपेने सुचतात असे ते म्हणत. त्यांच्या बहुसंख्य सूत्रांनी पुढच्या गणितज्ञांना थक्क केले. पण मूळ संख्यांविषयीचे त्यांचे सुरुवातीचे काही निष्कर्ष चुकीचे निघाले. सुचण्याची वाट तीच, प्रतिभा तीच, श्रद्धाही तीच. बरोबर कोणते आणि चूक कोणते, हे सिद्धतेनेच ठरले. म्हणून श्रद्धेला गणितात जागा आहे, ती शोधणाऱ्याच्या मनात. उत्तर तपासणाऱ्याच्या टेबलावर नाही. आणि अभिमानाचेच म्हणाल, तर तीन आचार्य पाच शतके एका शून्याशी कसे झुंजले, हा इतिहास ‘सगळे आपल्याकडे आधीच होते’ या घोषणेपेक्षा कितीतरी अधिक अभिमान वाटावा असा आहे. घोषणेने मूल गप्प होते, आणि अशा इतिहासाने त्यालाही झुंजावेसे वाटते.

दुसरा आक्षेप तत्त्वज्ञाकडून येईल आणि तो अधिक धारदार आहे. गणितही शेवटी गृहीतकांवर उभे असते. गृहीतके सिद्ध करता येत नाहीत, मानावी लागतात. मग गृहीतक मानणे आणि शास्त्रवचन मानणे यांत फरक काय? फरक आहे, आणि तो मुलांपर्यंत पोचवणे हेच अभ्यासक्रमाचे एक काम आहे. गृहीतक उघडपणे टेबलावर मांडलेले असते: हे मान्य केले तर पुढचे मान्य करावे लागेल, एवढाच त्याचा दावा असतो. ते बदलून पाहण्याची मुभा असते, आणि बदलले म्हणून कोणी पाखंडी ठरत नाही. युक्लिडचे समांतर रेषांचे गृहीतक सोडून १८२९ मध्ये लोबाचेव्हस्कीने आणि १८३२ मध्ये बोल्याईने स्वतंत्र भूमिती प्रसिद्ध केली. आज दोन्ही प्रकारच्या भूमिती गणितात सुखाने नांदतात. धर्मश्रद्धेचे स्वरूप असे नसते आणि नसावेही. माणूस तिच्या आधाराने जगतो, ती ‘बदलून पाहू’ म्हणून हाताळायची गोष्ट नव्हे. म्हणजे दोन्हींचा दर्जा ठरवण्याचा हा मुद्दा नाही. दोन्हींकडे मागण्याच्या गोष्टी वेगळ्या आहेत. एकीचे नियम दुसरीला लावले की दोन्हींचे नुकसान होते: गणित पोथी होते आणि श्रद्धा आकडेमोडीच्या पुराव्यावर लटकते.

तिसरा आक्षेप शिक्षकांचा. हे सगळे महाविद्यालयात ठीक. सात-आठ वर्षांच्या मुलांना कसली सिद्धता? या आक्षेपामागे एक खरा, कटू इतिहास आहे. सोव्हिएत संघाने १९५७ मध्ये स्पुटनिक सोडल्यावर अमेरिकेत ‘नवे गणित’ जोरात आले. १९५९ मध्ये फ्रान्समधल्या रॉयोमाँच्या परिषदेत गणितज्ञ ज्याँ द्यूदोने यांनी युक्लिडला शाळेतून निरोप द्यावा असे सुनावले. लहान मुलांना संच आणि अमूर्त नियमांची भाषा शिकवली जाऊ लागली आणि साध्या बेरजेत मुले अडखळू लागल्याची तक्रार सुरू झाली. गणितज्ञ मॉरिस क्लाइन यांनी १९७३ मध्ये या प्रयोगाचा पुस्तकभर समाचार घेतला. त्यातला धडा असा की, कारण देणे आणि औपचारिक भाषेचा मारा करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन विषम संख्यांची बेरीज सम का येते, हे दुसरीतल्या मुलाला बीजगणिताशिवाय कळते. प्रत्येक विषम संख्येचे चिंचोके जोडीजोडीने मांडले की एक चिंचोका एकटा उरतो. दोन्हींकडचे एकटे चिंचोके एकत्र आले की त्यांचीही जोडी होते. हा निव्वळ खेळ नाही, ही पूर्ण सिद्धता आहे. चिंचोके सात असोत की सात लाख एक, तिच्यात फरक पडत नाही, आणि ‘कितीही असले तरी असेच होणार’ हे मूल स्वतः म्हणते तेव्हा ते गणितात शिरलेले असते. जे कारण त्या वयाला देता येत नाही, तो नियम बहुधा त्या वयासाठी नाही. अभ्यासक्रमात घटकांचा क्रम ठरवायला याहून चांगली कसोटी मला दिसत नाही.

पाठांतराचे समर्थक इथे म्हणतील की मग पाढे सोडून द्यायचे का? मुळीच नाही. पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी म्हणणाऱ्या पिढीचा तोंडी हिशेब आजच्या कॅल्क्युलेटरवाल्यांना लाजवेल असा असायचा. सात आठे छपन्न दर वेळी नव्याने मोजत बसणारा मुलगा पुढच्या विचाराला मोकळा होत नाही. मात्र पाठ करण्याच्या गोष्टींत दोन जाती आहेत आणि त्यांची गल्लत होऊ देता कामा नये. काही गोष्टी संकेत असतात: समाजाने ठरवल्या म्हणून तशा. कंस आधी सोडवायचा, गुणाकार बेरजेच्या आधी करायचा, हे लेखनाचे संकेत आहेत. वेगळे ठरवले असते तरी चालले असते. इथे शब्दप्रमाण पूर्णपणे रास्त आहे. काही गोष्टी मात्र अटळ असतात: ऋण गुणिले ऋण धन, हे कोणी ठरवलेले नाही आणि कोणाला बदलताही येणार नाही. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकावरून २०१९ मध्ये उठलेला गदारोळ या गल्लतीचा नमुना होता. मुलांना जोडाक्षरांचा आणि उलट्या क्रमाचा त्रास होतो म्हणून ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असे वाचन सुचवले गेले. गणित समितीच्या अध्यक्ष होत्या मंगला नारळीकर. विधिमंडळापासून नाक्यापर्यंत वाद रंगला, भाषा बुडाली, संस्कृती बुडाली असे आक्रोश झाले. संख्यांची नावे हा संकेत आहे. तो बदलावा की राखावा यावर दोन्ही बाजूंनी बोलता येते, आणि जुनी नावे राखावीत असे म्हणणाऱ्यांकडेही चांगली कारणे होती. खटकणारी गोष्ट एवढीच की, संकेतासाठी जेवढा समाज पेटून उठला, तेवढा ‘ऋण गुणिले ऋण धन का?’ याचे उत्तर मुलांना मिळत नाही म्हणून कधी उठल्याचे दिसले नाही. ज्या जागी परंपरेला बोलायचा हक्क आहे तिथला वाद आपण प्राणपणाने लढतो आणि जिथे कारणाला बोलू द्यायचे तिथे गप्प बसतो.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा: वर्गात साठ मुले, डोक्यावर दहावी, हातात अमुक इतके धडे. कारणे सांगत बसलो तर पोर्शन कधी संपणार? हा आक्षेप खोटा नाही, पण तो माझ्या म्हणण्याला छेद देत नाही. तो अभ्यासक्रम करणाऱ्यांवरच उलटतो. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ च्या वेळी आर. रामानुजम यांच्या अध्यक्षतेखालील गटाने गणिताध्यापनावर जो निबंध तयार केला, त्यात हाच मुद्दा होता. आपला अभ्यासक्रम उंच वाढला आहे, पण रुंद झालेला नाही. पुढच्या इयत्तेच्या तयारीच्या नावाखाली एकावर एक मजले चढत जातात आणि मुलाच्या विचाराला गणिती वळण लावण्याचे मुख्य काम मागे पडते. त्याला आता वीस वर्षे होत आली. धडे कमी करणे आणि प्रश्नपत्रिकेत कारणाला गुण देणे, हे दोन्ही निर्णय शिक्षकाच्या हातात नाहीत. समितीच्या आणि मंडळाच्या हातात आहेत. परीक्षेत जे विचारले जाते तेच शिकवले जाते, हे सर्वांना ठाऊक आहे. मग ‘३/४ ला २/५ ने भागा’ या प्रश्नाखाली ‘उलटा करून का गुणले ते लिहा’ अशी एक ओळ छापायला काय हरकत आहे? पहिल्या वर्षी गाईडवाले त्याचेही तयार उत्तर छापतील, हे खरे. पण तयार कारण पाठ करणारा मुलगासुद्धा तयार नियम पाठ करणाऱ्याच्या एक पाऊल पुढे असतो, कारण त्याच्या वहीत निदान तपासता येईल असे काही तरी असते.

या सगळ्याचा फायदा गणितापुरता आहे की त्यापलीकडे, यावर मोठमोठे दावे करण्याचा मोह होतो, तो टाळलेला बरा. गणित शिकलेला माणूस आपोआप विवेकी होतो, असा अनुभव जगात कुठेही नाही. उत्तम गणिती आणि तितकाच भोळा, अशी माणसे भरपूर आहेत. दावा एवढाच करता येतो की, सत्य कोणाच्या तोंडून निघाले यावर अवलंबून नसते, याचा अनुभव मुलाला गणिताइतक्या लहान वयात आणि इतक्या स्वस्तात दुसरा कोणताही विषय देऊ शकत नाही. त्याला ना प्रयोगशाळा लागते, ना सहल. कागद, कात्री आणि मूठभर चिंचोके पुरतात. हा अनुभव घेतलेले मूल पुढे श्रद्धाळू होईल की नास्तिक, हे शाळेने ठरवायचे नाही. पण काय कशाच्या आधारावर मानायचे, हा फरक त्याला एकदा तरी हातात धरून पाहता आला पाहिजे. तो दाखवला नाही, तर गणिताची दहा वर्षे म्हणजे न समजलेल्या आज्ञा बिनचूक पाळण्याचा सरावच ठरतो, आणि अशा सरावातून तयार झालेला नागरिक कोणाला हवासा वाटतो, हे सांगायला नको.

म्हणून अभ्यासक्रम समित्यांकडे एक छोटी मागणी करावीशी वाटते. पुस्तकात जिथे जिथे ‘नियम’ हा शब्द येतो, तिथे तो संकेत आहे की अटळ सत्य, हे स्पष्ट लिहा. संकेत असेल तर तसे सांगून मोकळे व्हा. सत्य असेल तर त्याच पानावर, त्या वयाच्या मुलाला कळेल अशा मराठीत, त्याचे कारण द्या. कारण देता येत नसेल, तर तो नियम पुढच्या इयत्तेत ढकला. आणि शिक्षकांना हक्काने सांगा की ‘का?’ विचारणाऱ्या मुलीसाठी दहा मिनिटे गेली, तर तुमचा पोर्शन मागे पडला असे कोणी धरणार नाही. असा अभ्यासक्रम ग्रीकांचा की वैदिक, देशी की विदेशी, असा प्रश्न कोणी विचारलाच, तर पाटणच्या मठात ज्यांचे ग्रंथ शिकवले जात, त्या भास्कराचार्यांनी आठशेहून अधिक वर्षांपूर्वी उपपत्तीचा आग्रह धरला होता, एवढे त्यांच्यासमोर ठेवावे.